येऊन राहिलो

"काहून बे भाऊ, तुमच्या चॅनेलवरचे हुशार जनावरं सारे पुण्याचेच काहून, अन् बुद्धू तेवढा मीच काहून?"

हातात माइक, ओठांवर हसू आणि छातीत नुसता ढोल, अशा थाटात नववी 'ब'मधल्या प्रियदर्शनी गजभियेनं हा प्रश्न विचारला आणि शाळेचा अख्खा हॉल हसून आडवा झाला. नीरजा आणि दीपाली तर एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, कारण पैज त्यांचीच होती. 'भिंगरी' या कार्टून चॅनेलचे पाहुणे शाळेत येणार म्हटल्यावर नीरजानं आपल्या त्या कोरड्या आवाजात म्हटलं होतं, प्रश्न काय कुणीही विचारेल, त्यातल्या शिंगाडूच्या आवाजात विचारशील तर मानलं. प्रियदर्शनीला असं कुणी म्हणायचीच खोटी. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' एवढा एकच शब्द वर्गात बोलणारी ही मुलगी यंदा अशी काही उधळली होती की बाईंनी तिला दोनदा बाक बदलून बसवलं, तर दोन्ही बाक बिघडले. आणि त्याचं सगळं श्रेय शिंगाडूला. एका ऑफ तासाला, कुणी मागितलेलं नसताना, तिनं बाकावर उभं राहून शिंगाडूची नक्कल केली होती, वर्ग लोळला होता, आणि त्या हसण्याची ऊब तिच्या अंगात अशी भिनली की त्यानंतर तिचा आवाज खाली आलाच नाही. तुला इतकं हुबेहूब कसं जमतं गं, असं सगळ्या विचारायच्या. ती खांदे उडवायची. नागपूरची आजी फोनवर अशीच बोलते, पोळपाटाशी एकटी असली की आईसुद्धा अशीच पुटपुटते, आणि आपली जीभ जरा सैल सोडली तर ती आपोआप तिकडेच वळते, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नक्कल नव्हतीच ती. नक्कल बाकीच्या वेळी चाललेली असायची.

शिंगाडू म्हणजे एका परदेशी कार्टूनमधला अवाढव्य प्राणी, डोक्यावर वाळलेल्या झाडाएवढी शिंगं. तो नक्की कोण हे पुण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मराठीत आणताना त्याचं नाव शिंगांवरून पडलं. त्याच्या जंगलातली खार पुस्तकातल्यासारखं बोलायची, घुबड संस्कृतच्या बाईंसारखं, आणि कोल्हा लबाड खरा, पण तोही सदाशिव पेठेतला लबाड. शिंगाडू एकटा असा. प्रत्येक भागात सगळे कुठेतरी निघायचे, होडीनं, फुग्यानं, आगगाडीनं, आणि ते गेल्यावर धूळ उडवत, धापा टाकत हा यायचा आणि म्हणायचा, "मी तं येऊनच राहिलो ना बे!" आणि तिथेच राहायचा. तिकडच्या, नागपूरकडच्या बोलीत येऊन राहिलो म्हणजे येतो आहे. इकडच्या कानांना मात्र, आला आणि राहून गेला. विनोद म्हणाल तर एवढाच. पण त्यावर सगळं शहर वर्षानुवर्षं हसलं होतं. उशिरा आलेल्या मुलाला, बस चुकलेल्या माणसाला, क्रिकेटमध्ये धावबाद झालेल्याला, सगळ्यांना तेच वाक्य.

स्टेजवर अनिरुद्ध सर डोळे पुसत होते. भिंगरी ज्यांच्या घरात सुरू झाली तेच हे, पोट जरा सुटलेलं, अंगात चॅनेलचा केशरी टीशर्ट. इतके दिवस तू होतीस कुठे, असं त्यांनी माइकवरूनच विचारलं आणि तिला खाली बसूच दिलं नाही. उत्तर देतो म्हणाले, पण आधी थोडा इतिहास. आणि इतिहास ऐकताना प्रियदर्शनीला खरोखर मजा वाटली, कारण तिचा जन्म ज्या वर्षीचा त्याच वर्षीचा भिंगरीचा. तेव्हा सरांच्या वडिलांचा केबलचा धंदा होता. कर्वेनगरातल्या गच्चीवर छत्री, तिथून नारळाच्या झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून घरोघर गेलेल्या काळ्या वायरी. बाहेरच्या देशांची चॅनेलं धो धो येऊ लागलेली, मोठ्यांना काय बघू आणि काय नको असं झालेलं, आणि मुलांना काहीच नाही, म्हणून संध्याकाळी तासभर ते कार्टूनच्या कॅसेट लावायचे. त्या इंग्रजी. मुलांना ओ का ठो कळायचं नाही. तेव्हा सरांची मावशी व्हीसीआरशेजारी माइक घेऊन बसायला लागली, चित्र सरकेल तसं मराठीत सांगत जायची, आणि मधेच भाजी लागल्याचा वास आला तर "थांबा हं बाळांनो" म्हणून उठून जायची. मग उंदीर आणि मांजर मुकेपणानं पळत राहायचे, ती परत येईपर्यंत. पुढे उपग्रह आला, जाहिराती आल्या, रीतसर डबिंग आलं. खराडीच्या काचेच्या इमारतीत ऑफिस झालं, तिथे इंजिनीअर पोरं परदेशातल्या खारीच्या एका उडीमधली मधली चित्रं दिवसभर संगणकावर काढत बसायची, उडीची सुरुवात आणि शेवट मात्र तिकडच्या साहेबांनी काढलेला. मग मुंबईच्या कंपनीनं भिंगरी विकत घेतली आणि मराठी बंद करून हिंदी केली. "हिंदीत गेल्यावर शिंगाडू बिहारचा झाला," सर म्हणाले, "त्याला कुठलं तरी असावंच लागतं ना." हॉल हसला. प्रियदर्शनीही हसली, माइक तोंडाशी होता म्हणून तिचं हसू सगळ्यांत मोठं ऐकू आलं. आता मराठी पुन्हा सुरू होणार होती, म्हणून हा शाळाशाळांतून दौरा.

मग सर तिच्या प्रश्नाकडे वळले. शिंगाडू असा का बोलतो, तर ते आम्ही ठरवलंच नव्हतं, ते म्हणाले, ते आमच्या पदरात पडलं. स्टुडिओ म्हणजे तेव्हा एरंडवण्यातल्या बंगल्याची एक बेडरूम, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आणि घरातला फोन अजून तिथेच, स्टुलावर. कामगार नाट्यस्पर्धांमध्ये कामं करणारे एक गृहस्थ घुबडाच्या आवाजासाठी आले होते, कुठल्याशा कारखान्यातले. भाषा इतकी शुद्ध की आम्हीच घाबरलो. पण कशी, तर इस्त्री करून घडी घातल्यासारखी. घुबड काही जमेना. तेवढ्यात फोन वाजला, त्यांच्या घरून होता, ते बोलले, आणि काचेपलीकडे आम्ही सगळे खुर्चीवरून पडायचे बाकी. टेप चालू आहे हे बिचाऱ्यांना माहीतसुद्धा नव्हतं. पुढे त्यांनी चार वर्षं शिंगाडू केला. "नाव आता आठवत नाही हो," सर म्हणाले, "ती टेप मात्र जपून ठेवली आहे," आणि साउंडवाल्या मुलाकडे बघून त्यांनी हात वर केला.

आधी नुसती खरखर आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. कार्टूनमधला शिंगाडू नाकातून, पळवल्यासारखा, चेपल्यासारखा बोलायचा, कारण यंत्रानं त्याला तसा केलेला होता. या टेपला यंत्र लागलेलं नव्हतं. हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून तिचे बाबा बोलले.

"हाव, कुंदा. हाव. लय तापली का पोट्टी? कपाळावर ओली पट्टी ठेव. रडून राहिली का? तिच्या कानाले लाव फोन. हाव माय, आयकून राहिलो. रडू नको. मी तं येऊनच राहिलो ना वं माय."

आणि लगेच, टेपमध्येच, काचेपलीकडून येणारं दबकं हसू, दोघातिघांचं. आणि त्या हसण्यावर आता शाळेच्या हॉलचं हसू येऊन बसलं, थरावर थर. 'वं माय' काढून तिथे 'बे' घातलं की झाला शिंगाडू, असं सर सांगत होते. प्रियदर्शनीच्या हातातला माइक एकदम जड झाला. आपलं तोंड अजून हसण्याच्या आकारात आहे हे तिला गालांवरून कळत होतं, पण ते मिटवायचं कसं हे आठवत नव्हतं. दात थंड पडले. सर म्हणत होते की नव्या मालिकेत शिंगाडूला एक मुलगी दाखवणार आहोत, आणि ती आज आम्हाला सापडलेली दिसते, रविवारी एरंडवण्याच्या त्याच स्टुडिओत ऑडिशनला ये, आईबाबांना घेऊन ये. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक बाईंनीसुद्धा वाजवल्या. "हो सर, येईन, आणि आभारी आहे," असं ती म्हणाली, सगळे ण आणि भ जागच्या जागी ठेवून, आणि खाली बसली.

"कुंदा माझ्या आईचं नाव आहे," ती नीरजाला म्हणाली. का म्हणाली कोण जाणे. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि शेजारी नीरजा होती.

"अरे वा. म्हणजे तू अगदी घरचीच उमेदवार," नीरजा म्हणाली, आणि हसली, वाईट मनानं नाही. नीरजाचं हे असंच असायचं, बोलणं सुईसारखं आणि मनात काही नाही. दीपालीला वेगळीच काळजी. बाबांना बरोबर न्यायचं म्हणजे पंचाईत आहे गं, ती म्हणाली, तुझे बाबा कसले बोलतात, सातच्या बातम्यांसारखं, त्यांना शिंगाडू ऐकवला तर झीट येईल त्यांना. प्रियदर्शनीनं दप्तर उचललं. दोघींनी जाताना पाठीमागून एका सुरात, लाडानं, ओरडून म्हटलं तेच वाक्य, आणि पहिल्यांदाच ते तिच्या पाठीत लागलं, फेकून मारलेल्या ओल्या बोळ्यासारखं.

बस वाकडेवाडीला जी अडकली ती अडकलीच. दांडीला धरून उभी असलेली प्रियदर्शनी रागानं इतकी भरली होती की शेजारच्या बाईची पिशवी पायाला लागली तरी तिला ती पिशवी फाडावीशी वाटली. राग नक्की कुणाचा, हे ठरवायला गेलं की तो पाऱ्यासारखा निसटायचा आणि दुसऱ्यावर जाऊन बसायचा. नाव आठवत नाही म्हणणाऱ्या त्या केशरी टीशर्टचा. चार वर्षं ज्याचा आवाज घेतला त्याचं नाव आठवत नाही, आणि मावशीची करपलेली भाजी आठवते. नीरजाचा. हसणाऱ्या सगळ्यांचा, ज्यांत सगळ्यात मोठ्यानं ती स्वतः हसली होती, माइकमधून. आणि मग सगळ्यांना मागे सारून बाबांचा, कारण पहिलीत असताना जे झालं त्याला सुरुवात बाबांनी केली नव्हती, पण शेवट बाबांनी केला होता. पहिलीत, मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेल्यावरही ती डबा खात बसली होती आणि बाईंनी विचारलं, काय चाललंय. "मी डबा खाऊन राहिली," ती म्हणाली होती. "खाऊन राहिलीस? बरं केलंस," बाई म्हणाल्या, "आता राहिलीच आहेस तर फळा पुसून जा." वर्ग हसला. तिनं फळा पुसला, खडूची भुकटी केसांत पडली, आणि हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही म्हणून घरी येऊन तिनं ते गंमत म्हणून सांगितलं. बाबा हसले नाहीत. ते खूप वेळ आपल्या बुटांच्या नाड्या सोडत राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पेपरवाचन सुरू झालं.

रोज संध्याकाळी, खडकीच्या त्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली खुर्चीत कारखान्यातून आलेले हंसराज गजभिये, आणि समोर उभी राहून अग्रलेख वाचणारी प्रियदर्शनी. पानी नाही, पाणी. जीभ मागे ने, टाळूला लाव, सोड. पाणी. लोणी. आणि. ण म्हणजे टाळूला मारलेला धक्का, तो तोंडभर घुमायचा, आणि शंभरदा मारून झाला की जिभेचं मूळ दुखायचं. करून राहिली नाही, करते आहे. मले नाही, मला. बाबा कधी ओरडले नाहीत, हेच वाईट होतं. ते समजावून सांगायचे. बोलण्यावरून गाव विचारतात, बाळा, गावावरून आडनाव विचारतात, आणि आडनाव कळलं की पुढचं विचारतही नाहीत, आपापलं समजून घेतात. पहिल्याच दारात कशाला अडकायचं. आईला ते शिकवत नसत, पण ती शाळेच्या पालकसभेला निघाली की म्हणायचे, मीच जाऊन येतो. आणि आई परत चप्पल काढून ठेवायची. घरात बोलणं हळूहळू असं झालं, स्वच्छ, विसळलेल्या पेल्यासारखं, ज्यात कुणी काही ओतत नाही. भिंगरी घरात बंद होती. कार्टून बघून भाषा बिघडते, असं कारण होतं. ती शेजारच्या क्वार्टरमध्ये जाऊन बघायची. खाली मैदानात पोरं ते वाक्य ओरडायला लागली की बाबा उठून खिडकी लावून घ्यायचे, आणि तिला वाटायचं की त्यांना ते गावंढळ वाटतं. गेल्या दिवाळीत एकदा चिवडा खाता खाता तिनं घरातच शिंगाडू करून दाखवला होता. बाबांच्या हातातली वाटी तशीच राहिली. पुन्हा घरात नको, एवढंच ते म्हणाले. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण गंमत म्हणजे, तिला शिंगाडूची एक जुनी आठवण होती, जी तिनं लाजेखातर कुणालाच सांगितली नव्हती. ती लहान होती, खूप आजारी होती, छत खाली येत होतं, आणि शिंगाडू तिच्याशी बोलायला आला होता. कानाला काहीतरी गार लागलं होतं, पावडरचा वास येत होता, आणि तो तिला म्हणत होता, येऊनच राहिलो. पुढे टीव्हीवर तो दिसला तेव्हा हा आपल्या ओळखीचा आहे असं तिला वाटलं होतं, आणि सगळे हसत असताना तिला आधी हसूच आलं नव्हतं. ते तिनं नंतर शिकून घेतलं. गार म्हणजे शेजारच्या काकूंच्या फोनचा रिसीव्हर. पावडर त्या काकूंची. बस खडकीला लागली आणि ती धक्के मारत उतरली.

दार उघडंच होतं. आई मेथी निवडत बसली होती, बाबा पेपर घेऊन त्यांच्या जागी. "उशीर झाला गं आज," आई म्हणाली, त्या घरातल्या बेतानं.

"येऊनच राहिली ना वं, कुंदा," प्रियदर्शनी म्हणाली. शिंगाडूसारखं नाही. टेपसारखं.

आईच्या हातातली काडी तशीच राहिली. बाबांनी पेपरची घडी घातली, मग घडीची घडी, आणि ती मांडीवर ठेवून तिच्यावर हात ठेवले, जणू खालून काही उडून जाणार होतं. ती उभ्याउभ्याच सगळं बोलली, हॉल, टेप, हसू, रविवार. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला शंभरदा पाणी म्हणायला लावलंत, असं ती म्हणाली, जे मला तोंडातून थुंकायला लावलं ते तुम्ही जाऊन विकलंत, आणि ते माझं होतं, ताप माझा होता. आवाज चढत गेला तसे ण पटापट गळून पडत होते आणि तिनं ते पडू दिले. बाबा अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी अडवलं नाही. त्यांनी सांगितलं ते अगदी शुद्ध, सावकाश, समोरच्या भिंतीकडे बघत. काच ठोठावली तेव्हा त्यांना वाटलं होतं, काम सोडून फोन घेतला म्हणून रागावतायत. बाहेर आले तर सगळे हसत होते, आणि पहिला क्षणभर त्यांना वाटलं की घुबड आवडलं. मग कळलं. हो म्हणाले, कारण एकदा आत शिरलो की पुढे दुसरं काम देतील, घुबड देतील, एखादा राजा देतील. दर वेळी ते घुबडाचे संवादही पाठ करून जायचे. कुणी विचारलं नाही.

मग त्यांनी जे म्हटलं ते ऐकून तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू जा रविवारी," ते म्हणाले. "चांगली संधी आहे. एकदा आत गेलीस की दुसरी कामंही मिळतील."

तिला हसावं की भांडं फेकावं कळेना. तेच शब्द. तेच दार. आयुष्यभर जो माणूस तिला पहिल्या दारात अडकू नको म्हणाला तो तिला स्वतःच्याच दारात नेऊन उभी करत होता. का, एवढंच ती ओरडली, का केलंत चार वर्षं, खरं सांगा, राजाचं सोडा. बाबांनी घडी उलगडली, पुन्हा घातली. आणि मग जे आलं ते भिंतीकडे बघून नव्हतं, आणि शुद्धही नव्हतं.

"त्या खोलीत बोलू देत होते ना मले," हंसराज गजभिये म्हणाले. "हसत होते, पण बोलू देत होते. घरी तं मीच नव्हतो बोलू देत."

प्रियदर्शनीचा राग एक क्षण जागा सापडेना असा उभा राहिला. त्याच क्षणी आई बोलली. आई या घरात मोठ्यानं बोलत नसे, त्यामुळे आधी कुणी बोलतंय हेच कळलं नाही. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली होती.

"अन् मले?" आई म्हणाली. "ते टीव्हीवर लागलं तवापासून ह्याहिनं मले कधी येऊन राहिलो म्हटलं नाही. कारखान्यातून हे फोन करते तं म्हणते, निघालोय. निघालोय." तिनं तो शब्द असा उच्चारला की त्यात नसलेला ळसुद्धा ऐकू यावा. "लग्न झाल्यापासून मी त्या एका बोलण्यावर वाट पाहत होती. ते सारं पुणं बोललं. मलेच तेवढं कोणी बोललं नाही."

बाबा पुटपुटले की निघालोय म्हणजे तेच की. आई म्हणाली, नाही. तेच नाही. निघाला म्हणजे तिथून निघाला. येऊन राहिला म्हणजे माह्याकडे येऊन राहिला.

बाहेर मैदानात पोरं खेळत होती, कुणाची तरी दांडी उडाली, आणि कुणीतरी ते वाक्य ओरडलं. बाबा सवयीनं खिडकी लावायला उठले. प्रियदर्शनी आधी पोचली आणि तिनं खिडकी सताड उघडून धरली, हाताला कडीचा गंज लागेपर्यंत. राग गेला नव्हता. उलट आता तो कुठे ठेवायचा ते तिला कळलं होतं, आणि ते कळल्यामुळे छातीत पुन्हा हॉलमधला ढोल सुरू झाला होता, फक्त आता तो कुणाला हसवण्यासाठी नव्हता. एरंडवण्यातली ती खोली तिनं पाहिली नव्हती, पण तिला ती दिसत होती, भिंतींना ठोकलेल्या गाद्या, आणि त्या गाद्यांमध्ये इतकी वर्षं गुंडाळून ठेवलेला तिच्या घरून आलेला एक फोन. तिनं जीभ टाळूवरून खाली सोडली. ती तिथे पडली, जड, उबदार, आपल्या जागेवर.

"रविवारी मी जाऊन राहिली," ती म्हणाली. बाबांनी मान वर केली, त्यांच्या चेहऱ्यावर ते बिचारं घुबड येऊन बसलं, आणि ते बघूनही ती थांबली नाही. "शिंगाडूची पोट्टी कराले नाही. तुम्ही दोघंही संग येऊन राहिले, अन् त्या सरासमोर पहिले तुमचं नाव सांगाचं, पुरं, आडनावासकट. मंग ते टेप मागाची. ते तुम्ही माह्याशी बोलले होते, आईशी बोलले होते, त्याहिच्याशी नाही. मी आवाज द्याले नाही जाऊन राहिली, बाबा. आवाज आनाले जाऊन राहिली."